फाइल शिळी झाली, हे कॅशेला सांगायचं कोणी?

शिळी पोळी हाताला कळते. शिळी फाइल कशालाच कळत नाही. कॅशेमध्ये तीन महिने पडून असलेलं वेबपान आणि तीन सेकंदांपूर्वी आलेलं वेबपान, दोन्ही अगदी बाइट-बाइट तपासून बघा, शिळेपणाची कुठलीही खूण सापडणार नाही. मूळ पान दूर कुठल्यातरी सर्व्हरवर असतं. ते बदललं की इथली प्रत शिळी होते, आणि त्या क्षणी इथे मात्र काहीच घडलेलं नसतं.

माझं संशोधन याच भानगडीवर आहे: वेब सर्व्हरवर साठवलेल्या प्रतींपैकी नेमक्या कुठल्या शिळ्या झाल्या हे कसं ओळखायचं आणि त्या कधी काढायच्या. विषय सांगितला की हमखास प्रश्न येतो, ‘फायली पुसायला पीएच.डी. कशाला लागते?’ प्रश्न रास्त आहे. पुसायला काहीच लागत नाही, एक आज्ञा पुरते. काय पुसायचं हे ठरवायला काय काय लागलं, ते या लेखात सांगते.

आधी शब्दाचं बघू. ‘कॅशे’ म्हणा की ‘कॅश’, आपल्याकडे गोंधळ ठरलेला. ‘कॅश क्लिअर कर’ हे वाक्य बँकेत आणि लॅबमध्ये दोन वेगळ्या अर्थांनी ऐकू येतं. मूळ शब्द फ्रेंच, लपवून ठेवण्यासाठीचा. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी 1965 साली छोट्या पण वेगवान मेमरीची कल्पना मांडली तेव्हा तिला त्यांनी ‘स्लेव्ह मेमरी’ म्हटलं होतं. 1968 मध्ये आयबीएमच्या सिस्टिम/360 मॉडेल 85 या संगणकात अशी मेमरी आली, आणि ‘आयबीएम सिस्टिम्स जर्नल’मध्ये त्यावरचे लेख छापताना संपादकांनी ‘हाय-स्पीड बफर’ या लांबलचक नावाऐवजी ‘कॅशे’ हा शब्द सुचवला. तो चिकटला तो चिकटलाच.

त्या संगणकात कॅशे आणि मूळ मेमरी एकाच यंत्राच्या पोटात होत्या. मूळ बदलणारं यंत्र कोण, तर तेच. त्यामुळे ‘इकडे बदल झाला, तिकडची प्रत फेकून दे’ हे सांगायला फक्त तार हवी होती. (प्रोसेसर अनेक झाले की तिथेही डोकेदुखी सुरू होते, पण ते प्रकरण वेगळं.) वेबवर मूळ पान एका देशात, प्रत दुसऱ्या देशात, आणि दोघांचे मालक एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. खरी अडचण इथून सुरू होते.

वेबच्या आधी या अडचणीवर एक चांगला तोडगा निघाला होता, हे फारसं कोणी सांगत नाही. 1980च्या दशकात पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘अँड्र्यू’ नावाची फाइल सिस्टिम बांधली गेली. फायली मध्यवर्ती सर्व्हरवर, प्रत्येकाच्या संगणकावर वापरातल्या फायलींच्या प्रती. पहिल्या आवृत्तीत फाइल उघडताना दर वेळी सर्व्हरला विचारलं जायचं, ‘माझी प्रत अजून चालेल ना?’ बहुतेक वेळा उत्तर ‘चालेल’ असंच असायचं, पण या विचारण्यानेच सर्व्हर दमून जायचा. म्हणून दुसऱ्या आवृत्तीत उलटी व्यवस्था केली. सर्व्हरने प्रत देतानाच वचन द्यायचं: फाइल बदलली तर मी कळवीन, तोवर निर्धास्त वापर. याला ‘कॉलबॅक’ म्हणत. म्हणजे कोणाकडे कुठली प्रत आहे हे सर्व्हरने लक्षात ठेवायचं.

वेबने हे स्वीकारलं नाही. एचटीटीपी मुळातच विसराळू ठेवलेलं आहे. विनंती आली, उत्तर दिलं, विषय संपला. समोर कोण होतं हे सर्व्हरला आठवावं लागत नाही, म्हणूनच एक साधा सर्व्हर लाखो अनोळखी लोकांना पानं देऊ शकतो. माझ्या मते हा निर्णय बरोबरच होता. सर्व्हरने वाचणाऱ्या प्रत्येकाची नोंद ठेवायची असती तर वेब विद्यापीठांच्या बाहेर पडलं असतं का, शंकाच आहे. पण त्याची किंमत आपण आजही मोजतो. पान बदललं हे ज्याला माहीत आहे त्याला प्रती कुठे आहेत हे माहीत नाही, आणि ज्याच्याकडे प्रत आहे त्याला पान बदललं हे माहीत नाही.

1994 साली जिनिव्हात वेबची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिथे आरी लुओटोनेन आणि केव्हिन आल्टिस यांनी सर्नच्या सर्व्हरमधल्या प्रॉक्सीवर निबंध मांडला. एखाद्या संस्थेतले सगळे लोक एकाच प्रॉक्सीमधून बाहेर जाणार, आणि एकाने आणलेलं पान प्रॉक्सी स्वतःच्या डिस्कवर ठेवून दुसऱ्याला देणार. डिस्क लहान, म्हणून साफसफाई आलीच. सर्नच्या त्या सर्व्हरमध्ये रोज ठरावीक वेळी जुन्या फायली झाडून काढायची सोय होती.

ही झाडलोट आणि मी अभ्यासते ती सफाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या सतत एकत्र कालवल्या जातात. पहिली जागेसाठी. डिस्क भरली, कोणी फिरकत नाही अशा फायली काढा. दुसरी खरेपणासाठी. फाइल हवी आहे, लोक ती धडाधड मागतायत, पण ती आता खरी राहिलेली नाही म्हणून काढायची. पहिलीसाठी फायलीकडे बघितलं की पुरतं: आकार किती, शेवटची कधी वापरली. अपाचेच्या 2.2 आवृत्तीपासून ‘एचटीकॅशेक्लीन’ नावाची वेगळी छोटी आज्ञा हेच करते, कारण अपाचेचं डिस्कवर साठवणारं मोड्यूल फायली लिहितं, डिस्क किती भरली हे मात्र बघत नाही. एनजिनएक्समध्ये एक स्वतंत्र प्रोसेस हेच काम करते, आणि तिथला मूळ नियम असा की दहा मिनिटांत कोणी मागितली नाही तर फाइल बाहेर, मग ती ताजी का असेना. म्हणजे जागेची झाडलोट ताजी फाइल फेकून देते आणि शिळी पण लोकप्रिय फाइल तशीच ठेवू शकते.

प्रत्यक्षात सर्व्हर सांभाळणारी माणसं काय करतात? कॅशेचं अख्खं फोल्डर उडवतात. हाताने वेचून काढावं म्हटलं तर फायलींची नावं पत्त्यावरून हॅश करून बनवलेली असतात. नुसत्या नावावरून कुठली फाइल कुठल्या पानाची, ओळखता येत नाही. मग सगळंच पुसा. शिळं जातं, पण बरोबर ताजंही जातं, आणि पुढच्या क्षणी प्रत्येक मागणी थेट मूळ सर्व्हरवर येऊन आदळते. गर्दीच्या दिवशी हे केलं तर कॅशे ज्या सर्व्हरला वाचवायला ठेवलेली असते तोच कोसळतो.

खरेपणाच्या सफाईवर वेबचं पहिलं उत्तर होतं मुदत. दुधाच्या पिशवीवर छापतात तशी. 1996च्या एचटीटीपी 1.0च्या दस्तऐवजात ‘एक्सपायर्स’ नावाची ओळ आहे: अमुक तारखेपर्यंत ही प्रत चालेल. जोडीला ‘इफ-मॉडिफाइड-सिन्स’, म्हणजे ‘अमुक वेळेनंतर बदललं असेल तरच पाठव’. बदललं नसेल तर सर्व्हर फक्त 304 हा आकडा पाठवतो आणि जुनी प्रत पुन्हा चालू होते. छान सोय आहे, पण दुधाला किती तास टिकायचं हे दूधवाल्याला ठाऊक असतं. बातमीचं पान किती वेळ खरं राहील, हे लिहिणाऱ्याला कुठून ठाऊक असणार? बहुतेकांनी मुदत लिहिलीच नाही.

मग अंदाज आला. हा अंदाज मला वेबच्या इतिहासातल्या सगळ्यात धाडसी गोष्टींपैकी एक वाटतो. 1992च्या सुमारास व्हिन्सेंट केट यांच्या ‘अ‍ॅलेक्स’ या फाइल सिस्टिमने असं गृहीत धरलं होतं की जी फाइल बराच काळ बदललेली नाही ती इतक्यात बदलणार नाही. म्हणून फाइल शेवटची बदलून जितका काळ झाला त्याच्या ठरावीक टक्के काळ तिला ताजी मानायचं. पान 20 दिवसांपूर्वी बदललं होतं? मग 10 टक्क्यांच्या हिशोबाने पुढचे दोन दिवस काही विचारू नका. हा 10 टक्क्यांचा आकडा 1999च्या एचटीटीपी 1.1 मानकात उदाहरण म्हणून आला आणि 2022च्या नव्या मानकातही तसाच आहे. तुमचा ब्राउझर ज्या पानांना मुदत नसते त्यांच्यासाठी असलाच काही हिशोब करत असतो.

हा अंदाज चालतो का? 1996 साली जेम्स ग्वर्ट्झमन आणि मार्गो सेल्ट्झर यांनी सर्व्हरच्या खऱ्या नोंदी घेऊन हे तपासलं. त्यांना दिसलं की अ‍ॅलेक्सची पद्धत नीट बेतली तर शिळं पान हाती पडण्याचं प्रमाण 5 टक्क्यांच्या खाली ठेवता येतं, आणि तेही मुदतीच्या किंवा कळवण्याच्या पद्धतीपेक्षा नेटवर्कवर आणि सर्व्हरवर कमी भार टाकून. पुढच्याच वर्षी पेई साओ आणि चेंग्जी लिऊ यांनी उलट बाजू मांडली: सर्व्हरने प्रत बाद झाल्याचं कळवणं वाटतं तितकं महाग नाही. वाद रंगला, पण व्यवहारात अंदाज जिंकला, कारण अंदाजाला कोणाशी करार करावा लागत नाही.

त्या 5 टक्क्यांबद्दल माझी एक तक्रार आहे. ती सरासरी आहे. कॉलेजचं ‘आमच्याविषयी’ हे पान वर्षभर बदलत नाही, तिथे अंदाज कधीच चुकत नाही. निकालाचं पान महिनाभर ‘लवकरच’ म्हणत पडून असतं आणि एका दुपारी बदलतं. दहा टक्क्यांच्या हिशोबाने ते तीन दिवस शिळं राहू शकतं, आणि नेमकी त्याच तीन दिवसांत मुलं ते उघडतात. चूक जिथे महागात पडते तिथेच अंदाज चुकण्याची शक्यता जास्त, हे सरासरीत दिसत नाही.

मानकाने यासाठी एक प्रामाणिक सोय केली होती. ‘वॉर्निंग’ नावाची ओळ, आणि तिचा 110 क्रमांक म्हणजे ‘हे उत्तर शिळं आहे’. कॅशेने शिळं पान दिलं तर निदान तसं सांगावं. पण ही चिठ्ठी फारशी कोणी लावली नाही, आणि लावलेली वाचणाऱ्याला कोणी दाखवली नाही. 2022च्या मानकाने ती कालबाह्य ठरवली. उलट 2010 मध्ये मार्क नॉटिंगहॅम यांनी लिहून काढलेली सवलत आज सर्रास वापरली जाते: आत्ता शिळंच द्या, मागच्या मागे ताजं आणा. वेगासाठी ठीक आहे म्हणा.

आता नागानो. माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण इथूनच सुरू होतं, त्यामुळे जरा रेंगाळते.

1996च्या अटलांटा ऑलिंपिकची वेबसाइट आयबीएमने चालवली होती. खेळाचा निकाल आला की त्याच्यामुळे बदलू शकतील अशी पानं कॅशेतून काढायची. पण ‘बदलू शकतील अशी’ म्हणजे नेमकी कुठली? एका धावपटूला पदक मिळालं तर त्या शर्यतीचं पान बदलतं, त्याच्या देशाचं बदलतं, पदकतक्ता बदलतो, त्या खेळाचं मुखपृष्ठ बदलतं, त्याचं स्वतःचं पानही बदलतं. कोण कोणावर अवलंबून आहे याची नेमकी नोंद नसेल तर सुरक्षित मार्ग एकच: गरजेपेक्षा जास्त काढा. तेच झालं. कॅशेतून भागणाऱ्या मागण्यांचं प्रमाण 80 टक्क्यांच्या आसपास राहिलं. ऐकायला बरं वाटतं, पण उरलेल्या प्रत्येक पाचव्या मागणीला पान नव्याने तयार करावं लागायचं, आणि निकाल लागल्याबरोबर गर्दी होते ती त्याच नुकत्या काढलेल्या पानांसाठी.

फेब्रुवारी 1998च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकसाठी जिम चॅलेंजर, अरुण अय्यंगार आणि पॉल डँट्झिग यांनी वेगळा विचार केला. त्यांनी एक आलेख ठेवला. एका बाजूला मूळ माहिती: अमुक स्पर्धेचा निकाल, अमुक खेळाडूची नोंद. दुसऱ्या बाजूला पानं आणि पानांचे तुकडे. मधे बाण: हा निकाल या तुकड्यात जातो, हा तुकडा त्या पानात जातो. डेटाबेसमध्ये निकाल शिरला की एक प्रोग्रॅम बाण पकडत पुढे चालत जातो आणि जिथवर पोचतो तेवढीच पानं शिळी ठरतात. एकही जास्त नाही. आणि दुसरी गंमत अशी की ती पानं काढून टाकण्याऐवजी नवी बनवून जुन्यांच्या जागी ठेवली गेली. त्यामुळे गर्दीच्या पानाची जागा कॅशेत कधी रिकामी पडलीच नाही.

कॅशेतून भागणाऱ्या मागण्या जवळजवळ 100 टक्क्यांवर गेल्या. सोळा दिवसांत 63 कोटींहून जास्त हिट्स आल्या. महिलांच्या फिगर स्केटिंगच्या वेळी एका मिनिटात 1,10,414. तेव्हाच्या संगणकांवर! 80 आणि 100 मधला फरक वीसचा दिसतो, पण मूळ सर्व्हरच्या बाजूने बघा: पूर्वी त्याच्यापर्यंत शंभरातल्या वीस मागण्या पोचायच्या, आता जेमतेम एखादी.

हे का जमलं, तर माहिती, पानं आणि कॅशे तिन्ही एकाच्या ताब्यात होती. अँड्र्यूमधल्या सर्व्हरसारखं इथेही कोणीतरी लक्षात ठेवत होतं. फक्त कोणाकडे प्रत आहे याऐवजी कशापासून काय बनलं आहे ते.

ही वही आज तुम्हीही नकळत वापरता. 1 मे 2003 रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया घ्या. एखाद्या शहराच्या पानावर उजवीकडे जी माहितीचौकट दिसते ती एका साच्यातून येते. कोणी तो साचा बदलला की तो वापरणारी सगळी पानं एका फटक्यात शिळी होतात. मीडियाविकी हे सॉफ्टवेअर कुठल्या पानात कुठला साचा आहे याचा तक्ता डेटाबेसमध्ये ठेवतं, त्यावरून यादी काढतं, आणि यादीतली पानं बाद करायचं काम रांगेत लावतं. यादी मोठी असली की रांगही मोठी. साचा सुधारल्यावर काही पानांवर जुनीच चौकट दिसत राहते ती यामुळे. बरीच वर्षं विकिमीडियाच्या कॅशे सर्व्हरना ‘हे पान काढा’ हा निरोप पोच न मागता एकदम सगळ्यांना पाठवला जायचा. पोचला तर पोचला. हरवलेल्या निरोपाचं पान तिथे शिळंच राहायचं. पुढे ती व्यवस्था बदलली.

2006 मध्ये नॉर्वेच्या ‘व्हेर्डेन्स गांग’ या वृत्तपत्रासाठी पोल-हेनिंग काम्प यांनी व्हार्निश लिहिलं, आणि त्यात सफाईचा आळशी पण हुशार प्रकार आला. ‘क्रीडा विभागातली सगळी पानं बाद’ असं सांगितलं तर व्हार्निश लाखो फायली लगेच चाळत बसत नाही. फक्त फर्मान लिहून ठेवतं. पुढे कोणी एखादं पान मागितलं की ते पान साठवल्यानंतर निघालेली फर्मानं तपासायची, लागू असेल तर पान फेकायचं. कोणी मागितलंच नाही तर शिळं असूनही ते कोणाचं काही बिघडवत नाही. आधी या फर्मानाला आणि एकच पान काढण्याला व्हार्निशमध्ये ‘पर्ज’ हे एकच नाव होतं. 2011च्या तिसऱ्या आवृत्तीत फर्मानाला ‘बॅन’ म्हणायला लागले. नेटस्केपमधल्या फिल कार्लटन यांच्या नावावर एक विनोद खपतो, की संगणकशास्त्रात अवघड गोष्टी दोनच, कॅशे बाद करणं आणि नावं ठेवणं. इथे दोन्ही एकाच जागी अडल्या.

वेब बनवणाऱ्यांनी तर या विनोदातूनच पळवाट काढली: पहिली अडचण दुसरीत बदलून टाका. 2011च्या रेल्स 3.1ने ही पद्धत घरोघरी पोचवली. चित्राच्या किंवा स्टाइलच्या फाइलच्या नावातच तिच्या मजकुराचा हॅश घालायचा. मजकूर बदलला की नाव बदललं, नवं नाव म्हणजे नवी फाइल, जुनी कोणी मागणारच नाही. बाद काही करायचंच नाही. पण ज्या पानात ती नावं लिहिलेली असतात त्या पानाचा पत्ता बदलता येत नाही, तुम्ही तो पाठ केलेला असतो. तिथे गाडी पुन्हा मूळ प्रश्नावर येते.

आणि प्रत जर आपल्या ताब्यातच नसेल तर? 17 फेब्रुवारी 2017 रोजी गूगलच्या प्रोजेक्ट झीरोमधल्या टॅव्हिस ऑर्मंडी यांनी क्लाउडफ्लेअरला कळवलं की त्यांच्या सर्व्हरमधून भलत्याच लोकांच्या खाजगी माहितीचे तुकडे वेबपानांत मिसळून बाहेर पडतायत. क्लाउडफ्लेअरने पहिला आवर 47 मिनिटांत घातला, आणि सात तासांच्या आत दोष जगभरातल्या त्यांच्या सर्व्हरवरून पूर्ण गेला. पण तोवर सर्च इंजिनांनी ती पानं वाचून आपापल्या कॅशेत ठेवलेली होती. तिथे ना मुदत उपयोगाची, ना बाण, ना फर्मान. 161 डोमेनची 770 पानं शोधून गूगल, बिंग, याहू आणि इतरांकडून ती काढून घ्यावी लागली, आणि हे चालू असेपर्यंत बातमी थांबवून ठेवली होती. ती जाहीर झाली 23 फेब्रुवारीला. त्यानंतरही लोकांना इकडेतिकडे काही प्रती सापडतच होत्या.